चांदीचे हात, उसने शब्द

इस्पितळातल्या खाटेवर बसलेली ती मुलगी शुद्धीवर आल्यापासून एकच विचारते आहे: मेजर कुठे आहेत आणि पुढचा हुकूम काय? आपले दोन्ही हात गेले, त्या जागी धातूचे हात बसवले गेले, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. नव्या बोटांत लेखणी धरून ती मेजरना अहवाल लिहू बघते आणि लेखणी निसटते. तिचं वय चौदाच्या आसपास असावं. नक्की कुणालाच माहीत नाही. युद्ध संपलं आहे, तिची बाजू जिंकली आहे, आणि जिंकलेल्या बाजूच्या या सर्वांत धारदार हत्याराचं आता करायचं काय, हे कुणी ठरवलेलं नाही.

‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ ही तेरा भागांची जपानी ॲनिमे मालिका इथून सुरू होते. जानेवारी ते एप्रिल २०१८ या काळात ती जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि नेटफ्लिक्समुळे जगभर पोहोचली. काना आकात्सुकी या लेखिकेच्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. क्योतो ॲनिमेशन हा स्टुडिओ नव्या लेखकांसाठी एक स्पर्धा घेत असे. २०१४ साली या कादंबरीला त्या स्पर्धेचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तोवर कुठल्याच विभागात ते कुणालाच दिलं गेलं नव्हतं. पुढे स्टुडिओनं स्वतःच्याच प्रकाशनातर्फे २०१५ पासून ही कादंबरी छापली आणि मग ताइची इशिदाते यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली. पटकथेची सूत्रं रेइको योशिदा यांच्याकडे होती, आणि कादंबरीची चित्रं काढणाऱ्या आकिको ताकासे यांनीच मालिकेतल्या पात्रांनाही रूप दिलं.

युद्ध, प्रेम आणि जखमा भरून येणं ही या मालिकेची त्रिसूत्री म्हणून सांगितली जाते. ते खरंच आहे, पण त्यामुळे ही एखादी गोड, हळवी कथा असावी असा ग्रह होतो. प्रेम मिळालं म्हणून व्हायोलेट बरी होत नाही. ती बरी होते कामानं. दुसऱ्यांची पत्रं लिहिता लिहिता तिला स्वतःसाठी शब्द सापडत जातात, आणि ते शब्द सापडताच सर्वांत आधी कळतं ते हे, की आपण माणसं मारली आहेत. बरं होणं आणि अपराधाची जाणीव होणं या इथे दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत. ती एकच घटना आहे. मालिकेचं मोठेपण मला यात दिसतं.

कथा घडते टेलेसिस नावाच्या काल्पनिक खंडात. आगगाड्या, गॅसचे दिवे, घोडागाड्या आणि नुकतीच दिसू लागलेली विमानं, असं पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या युरोपची आठवण करून देणारं हे जग आहे. अनाथ, निनावी, बोलताही न येणारी ही पोर डीटफ्रीड नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या हाती लागते. तिची मारण्याची ताकद बघून तो ती धाकट्या भावाला, मेजर गिल्बर्टला देऊन टाकतो. माणूस म्हणून नव्हे, शस्त्र म्हणून. गिल्बर्ट तिला नाव देतो, लिहा-वाचायला शिकवतो आणि रणांगणावरही नेतो. अखेरच्या लढाईत तिचे हात जातात आणि गिल्बर्टचा पत्ता लागत नाही. आपलं तिच्यावर प्रेम आहे, हे त्यानं तिला सांगितलेलं शेवटचं वाक्य. तिला त्याचा अर्थच लागत नाही.

गिल्बर्टचा मित्र हॉजिन्स लष्कर सोडून खासगी टपाल कंपनी काढतो आणि तिला तिथे कामाला ठेवतो. पहिल्याच भागात तो तिला सांगतो, की तिनं केलेल्या कृत्यांनी तिचं अंग पेटलेलं आहे आणि एक दिवस तिला ते भाजणं जाणवेल. ती निर्विकारपणे उत्तर देते, की आपण कुठेही पेटलेलो नाही. तिच्या दृष्टीनं ते वाक्य शब्दशः आहे. हे संभाषण लक्षात ठेवावं, कारण पुढचे सहा भाग ती आग तिच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रवास आहेत.

कंपनीत ‘ऑटो मेमरी डॉल’ नावाचं एक काम असतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी, किंवा लिहिता येऊनही मनातलं मांडता न येणाऱ्यांसाठी टाइपरायटरवर पत्रं लिहून देणाऱ्या या बायका. एका गिऱ्हाइकाच्या पत्रात मेजरचेच ते शब्द ऐकू येतात आणि त्यांचा अर्थ समजावा एवढ्यासाठी व्हायोलेट हे काम मागून घेते. कथेतली हकिगत अशी, की ऑर्लंड नावाच्या एका संशोधकाची बायको मॉली कादंबऱ्या लिहीत असे. तिची दृष्टी गेली आणि लिहिणं थांबलं. नवऱ्यानं तिच्यासाठी बोललेले शब्द कागदावर उतरवणारं यंत्र केलं, आणि त्या यंत्राचं नाव पुढे हे काम करणाऱ्या बायकांना चिकटलं.

हे कल्पनेतलं वाटतं, पण खऱ्या टाइपरायटरच्या जन्मकथेशी त्याचं नातं जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री यानं दृष्टी गमावलेल्या काउंटेस कारोलिना फान्तोनी हिच्यासाठी एक लेखनयंत्र बनवलं. यंत्र आज उरलेलं नाही, पण तिनं १८०८ पासून त्यावर लिहिलेली काही पत्रं शिल्लक आहेत. लेखनिकाला मजकूर न सांगता, कुणाही तिसऱ्याला मध्ये न घेता तिला पत्र लिहिता यावं, हा त्या यंत्राचा उपयोग. पुढे १८७०च्या दशकात रेमिंग्टन कंपनीनं टाइपरायटर बाजारात आणला आणि बघता बघता कचेऱ्यांची दारं बायकांना उघडली. इंग्रजीत काही काळ यंत्राला आणि ते चालवणाऱ्या बाईला एकच नाव होतं, अगदी या मालिकेतल्या ‘डॉल’सारखं. स्वतःच्या कमाईवर शहरात एकट्या राहणाऱ्या, प्रवास करणाऱ्या, परक्यांच्या घरात मानानं वावरणाऱ्या कॅटलिया, आयरिस, एरिका या मालिकेतल्या बायकांमागे तो इतिहास उभा आहे.

व्हायोलेट टंकलेखनात विजेसारखी वेगवान, पण पत्रं भयंकर लिहिते. एका बाईला आपल्या चाहत्याला थोडं झुलवायचं असतं. व्हायोलेट तिचं बोलणं गुप्तहेराच्या टिपणासारखं कोरडं करून धाडते आणि बाई संतापून परत येते. प्रशिक्षण शाळेत तिला वेगाचे सगळे गुण मिळतात, तरी उत्तीर्ण होत नाही. तिथली सोबतीण लुकुलिया हिचा भाऊ स्पेन्सर युद्धातून अधू होऊन परतलेला. आईवडिलांना आपण वाचवू शकलो नाही, या ओझ्याखाली तो दारूत बुडालेला आहे. लुकुलियाला त्याला एवढंच सांगायचं असतं, की तू जिवंत आहेस हे पुरे. व्हायोलेट ते दोन-तीन ओळींत लिहून स्वतः नेऊन देते. त्यात अलंकार नाही, कल्पकता नाही. लुकुलियाला जे म्हणायचं होतं त्यात भर न घालणं, एवढंच व्हायोलेटनं केलं आहे. तिला शाळेचं पदक मिळतं ते या पत्रासाठी.

स्वतःच्या भावना ओळखता न येणं, त्यांना नाव देता न येणं, याकडे मानसोपचारतज्ज्ञांचं लक्ष गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गेलं. मनातलं लिहून काढल्यानं काय होतं, हे पाहण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि त्या वेळी काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. सगळ्यांचे निष्कर्ष तितके ठळक नाहीत. तरी लिहिण्यात मनाची उकल करणारं काही असतं, हे त्यातून पुढे आलं. व्हायोलेट मात्र स्वतःबद्दल लिहीत नाही. ती आधी दुसऱ्याचं दुःख त्याच्या शब्दांत लिहिते. जिला स्वतःचं दुखणं दिसतच नाही, तिला दुसऱ्याच्या दुखण्यावरून ते ओळखायला शिकावं लागतं.

आणि ओळख पटते ती सातव्या भागात. नाटककार ऑस्कर वेब्स्टरची लहान मुलगी ऑलिव्हिया आजारात गेलेली आहे आणि तो मुलांसाठी नाटक लिहितो आहे. तळ्यावर तरंगणाऱ्या पानांवरून एक दिवस मी चालून दाखवीन, असं मुलीनं बापाला सांगितलेलं. नाटकाचा शेवट त्याला सुचत नाही, म्हणून व्हायोलेट छत्री उघडून तळ्याच्या काठावरून धावत येते आणि पाण्यावर झेप घेते. प्रसंग डोळे दिपवणारा आहे, पण मालिकेचा कणा त्यानंतरच्या काही मिनिटांत आहे. परतीच्या बोटीवर तिला उमगतं, की ज्यांना ऑलिव्हियासारखं कुणीतरी हाक मारत असेल, ज्यांची कुणी वाट बघत असेल, अशी माणसं आपण मारली. हॉजिन्सनं सांगितलेली आग तिथे लागते.

युद्धावरून परतलेल्यांच्या भीतीबद्दल, दचकून उठण्याबद्दल वैद्यकशास्त्र बरंच बोललं आहे. व्हायोलेटचं दुखणं वेगळं आहे. बॉस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली ‘अकिलीझ इन व्हिएतनाम’ या पुस्तकात त्याला नैतिक इजा म्हटलं. ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा त्या वरिष्ठांनीच योग्य-अयोग्याशी प्रतारणा केली, की सैनिकाच्या आत काहीतरी मोडतं, असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टींचीही भर घातली. व्हायोलेटच्या बाबतीत दोन्ही लागू पडतात. ती मूल होती, तिला वापरलं गेलं. आणि मारलं तिनंच. मालिका यातलं एक सांगून दुसरं झाकत नाही.

नवव्या भागात, गिल्बर्ट गेला हे कळल्यावर, ती जगणंच नको म्हणते. तिला बाहेर काढायला कुणी मोठं भाषण करत नाही. एरिका आणि आयरिस तिला पत्र लिहितात, तिच्या आयुष्यात तिला आलेलं पहिलं पत्र. फेकून दिलेली टपालाची थैली सापडते तेव्हा म्हाताऱ्या पोस्टमनबरोबर ती रात्री दारोदार पत्रं वाटत फिरते. स्पेन्सर आपल्या बहिणीला पत्र लिहून घ्यायला येतो. आपल्याला जगण्याचा हक्क आहे का, असं ती हॉजिन्सला विचारते. केलेलं पुसलं जाणार नाही, पण डॉल म्हणून केलेलं कामही पुसलं जाणार नाही, असं तो सांगतो. क्षमा नाही, सूटही नाही. जमेची आणि खर्चाची दोन्ही पानं तशीच राहतात. या प्रसंगासारखा प्रामाणिक प्रसंग मी युद्धावरच्या कथांमध्ये फार कमी पाहिला आहे.

दहाव्या भागाबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटत नाही. मॅग्नोलिया घराण्यातली ॲन ही सात वर्षांची मुलगी. (मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं फूल. गिल्बर्टचं आडनाव बोगनवेल; व्हायोलेट, आयरिस, कॅटलिया ही नावंही फुलांचीच. लेखिकेनं जवळजवळ बागच लावली आहे.) ॲनचे वडील युद्धात गेले, आई क्लारा खंगत चालली आहे. आई पत्रं लिहून घेण्यासाठी व्हायोलेटला सात दिवस बोलावते. ॲनला ती खरीखुरी बाहुलीच वाटते. रोज काचेच्या खोलीत आई आणि बाहुली बसून काहीतरी लिहितात, ॲनला आत येऊ देत नाहीत. आईकडे इतके थोडे दिवस उरलेत आणि ते कुणा परक्याला पत्र लिहिण्यात का घालवायचे? ती चिडते, आदळआपट करते, पळत सुटते. व्हायोलेट तिच्यामागे जाते आणि खोटा धीर देत नाही. आपले हात तुझ्या हातांसारखे मऊ होणार नाहीत, तसंच आईच्या दुखण्यापुढे तुला काही करता येणार नाही, असं ती त्या पोरीला सांगते. क्रूर वाटावं असं हे वाक्य. पण आपल्यामुळे आई आजारी पडली का, असं मनात घेऊन बसलेल्या मुलीच्या माथ्यावरचं ओझं त्यानंच उतरतं.

मग कळतं, ती पत्रं ॲनसाठीच होती. आई गेल्यावर पन्नास वर्षं, दर वाढदिवसाला एक. ॲन मोठी होते, प्रेमात पडते, आई होते. पत्र येतच राहतं. इथे थांबला असता, तरी हा भाग लोकांनी डोक्यावर घेतला असता. पण तो थांबत नाही. त्याआधीच्या सात दिवसांत एकदाही न डगमगलेली व्हायोलेट कचेरीत परतल्यावर रडते, आणि आपण तिथे रडू आवरून धरलं होतं, असं सोबतिणींना सांगते. पहिल्या भागात जिला लेखणी धरता येत नव्हती, तिला आता स्वतःचं रडू कुठे रोखायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हे कळू लागलं आहे.

अकराव्या भागात ती पुन्हा रणभूमीवर जाते, लढायला नव्हे, एडन नावाच्या तरुण सैनिकाचं पत्र लिहायला. तो गोळी लागून कोसळलेला असतो. टाइपरायटर नाही, कागद नाही. तो बोलत जातो आणि ती हवेत बोटं चालवत ते शब्द पाठ करत जाते. नंतर त्याच्या आईवडिलांच्या घरी जाऊन ती पत्रं देते. त्याला परत आणल्याबद्दल आई तिचे आभार मानते, आणि व्हायोलेट त्याला वाचवू न शकल्याची माफी मागते. शेवटच्या दोन भागांतली आगगाडीवरची हाणामारी यापुढे मला फिकी वाटते. एवढंच सांगतो, की जिवावर बेतलं तरी ती कुणाला मारत नाही.

जपानी ॲनिमेत युद्ध नवं नाही. ‘बेअरफूट गेन’ १९८३ चा, इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ चा, सुनाओ काताबुची यांचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ २०१६ चा. या शेवटच्या चित्रपटातली सुझू हिला चित्रं काढायची आवड आहे. उशिरा फुटणाऱ्या बॉम्बमध्ये तिचा उजवा हात जातो, आणि त्या हातात धरलेली चिमुकली भाचीही. सुझू आणि व्हायोलेट या हात गमावलेल्या दोघी शेजारी ठेवल्या की एक फरक ठळक होतो. या तिन्ही चित्रपटांत मध्यभागी आहेत ती सोसणारी माणसं: भुकेली मुलं, बॉम्बखाली सापडलेली कुटुंबं. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’नं मारणारा हात मध्यभागी ठेवला. हे धाडस आहे. पण कथा काल्पनिक युरोपात नेल्यामुळे ते जमलं, हेही म्हटलं पाहिजे. जपानच्या सैन्यानं आशियात जे केलं, त्याच्याजवळ ही मालिका फिरकत नाही. टेलेसिसचे नकाशे सुंदर आहेत आणि त्या सुंदरतेत थोडी पळवाट आहे.

खऱ्या जपानमध्ये हात गमावलेल्या सैनिकाच्या वाट्याला चांदीची बोटं आली नाहीत. पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या अंमलाखाली १९४६ साली लष्करी निवृत्तिवेतनं बंद झाली आणि ती १९५३ साली पुन्हा सुरू झाली. पांढरे कपडे घातलेले अपंग सैनिक स्टेशनांबाहेर, मंदिरांच्या वाटेवर वाद्यं वाजवत पैसे मागत. त्याआधी पहिल्या महायुद्धात जर्मन शल्यविशारद फर्डिनांड झाउएरब्रुख यांनी तुटलेल्या हाताच्या उरलेल्या स्नायूंना जोडून कृत्रिम पंजा हलवण्याची युक्ती विकसित केली होती. तो पंजा वस्तू धरू-सोडू शके. टंकलेखन करण्याइतकी बोटं त्याला नव्हती. व्हायोलेटचे हात हे स्वप्न आहे.

पत्रं लिहून देणारी माणसं मात्र स्वप्न नव्हती. युद्धानंतर टोकियोच्या शिबुया भागात एक अरुंद गल्ली होती. अमेरिकी सैनिकांच्या प्रेमात पडलेल्या जपानी बायका तिथे येऊन इंग्रजीत पत्रं लिहून घेत. त्यातल्या कित्येकींचे सैनिक मायदेशी निघून गेलेले. फुमिओ निवा यांनी या गल्लीवर ‘कोइबुमी’ म्हणजे ‘प्रेमपत्र’ ही कादंबरी लिहिली आणि १९५३ साली अभिनेत्री किनुयो तानाका यांनी त्यावर चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा तो पहिलाच. त्यातला पत्रलेखक नौदलातून परतलेला, पराभवानं कडवट झालेला पुरुष आहे. तो गिऱ्हाईक बायकांना मनातल्या मनात दोष देत त्यांची पत्रं लिहितो, आणि एक दिवस त्याचं पहिलं प्रेमच पत्र लिहून घ्यायला दारात उभं राहतं. युद्धावरून आलेला माणूस परक्यांची प्रेमपत्रं लिहून पोट भरतो, ही कल्पना व्हायोलेटच्या पासष्ट वर्षं आधीची. जपानी प्रेक्षकाला डॉलचं काम चटकन आपलं वाटत असेल, तर त्यामागे अशा गल्ल्याही असाव्यात.

आपल्याकडेही हे काम परकं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला कुणी लिहिणारा त्यांची पत्रं लिही, गावात कुणी वाचणारा ती मोठ्यानं वाचून दाखवी. मध्ये सेन्सॉर बसलेला. त्याच्या नजरेतून सुटावं म्हणून हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत, काळी मिरी संपत आली असं घरी कळवलेलं आहे. सेन्सॉरनं काढून ठेवलेले असे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. मुंबईत जीपीओसमोर ताडपत्रीखाली टेबलं मांडून बसणाऱ्या पत्रलेखकांनी तर पिढ्यान् पिढ्या गिरणी कामगारांची, हमालांची, कामाठीपुऱ्यातल्या बायकांची पत्रं लिहिली, मनीऑर्डरी भरल्या, पार्सलं शिवून लाखेनं बंद केली. घरी काय कळवायचं आणि काय दडवायचं, याचा निवाडा त्यांना रोज करावा लागे. व्हायोलेटला शाळेत जे शिकवता आलं नाही, ते हेच.

आणखी एक भारतीय धागा आहे, आणि तो अगदी अनपेक्षित. टेलेसिसची लिपी या मालिकेसाठी नव्यानं घडवलेली आहे. पत्रं, पाट्या, वर्तमानपत्रं, सगळं त्या लिपीत. चिकाटीच्या चाहत्यांनी ती उलगडली, तेव्हा खाली निघाली तमिळ: रोमन अक्षरांत लिहिलेली आणि अक्षरांची अदलाबदल करून लपवलेली. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या कागदावर नुसत्या रेघोट्या चालल्या असत्या. पण ज्या मालिकेचा विषयच पत्र आहे, तिच्यात न वाचता येणारं पत्र ठेवणं करणाऱ्यांना पटलं नसावं.

हीच निष्ठा चित्रांत दिसते. व्हायोलेट हातमोजा दातांनी ओढून काढते, त्या काही सेकंदांत धातूच्या सांध्यांचा किरकिराट, बोटांवरून सरकणारा प्रकाश आणि समोरच्याचा अवघडलेपणा सगळं येतं. तिचा चेहरा सुरुवातीला जवळजवळ हलत नाही, म्हणून भावना हातांकडे, पायांच्या चालीकडे, गळ्यातल्या पाचूच्या ब्रोचकडे सोपवलेली असते. त्याचा रंग गिल्बर्टच्या डोळ्यांचा. इव्हान कॉल यांच्या संगीतात टाइपरायटरची टकटक ताल धरते. असं काम घाईत होत नाही. जपानी ॲनिमेचा बराचसा धंदा चित्रागणिक मोबदला मिळणाऱ्या फुटकळ कामगारांवर चालतो. योको हात्ता यांनी १९८१ साली सुरू केलेल्या क्योतो ॲनिमेशननं कलाकारांना पगारी नोकरीत घेतलं, त्यांना आपल्याच संस्थेत शिकवलं. त्यात स्त्रियांचं प्रमाणही लक्षणीय होतं.

१८ जुलै २०१९ रोजी सकाळी त्या स्टुडिओच्या क्योतोतल्या इमारतीत एका माणसानं पेट्रोल ओतून आग लावली. ३६ जण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. ज्या स्पर्धेतून व्हायोलेटची कादंबरी पुढे आली, त्याच स्पर्धेला त्यानं कधीकाळी आपलं लिखाण पाठवलं होतं. ते पहिल्या फेरीतच बाद झालं होतं, आणि स्टुडिओनं आपली कल्पना चोरली असं त्यानं मनाशी घेतलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये क्योतोच्या न्यायालयानं त्याला मृत्युदंड सुनावला. जगभरातून लोकांनी स्टुडिओसाठी ३ अब्ज येनहून अधिक मदत पाठवली.

आग लागली तेव्हा व्हायोलेटची पहिली चित्रपट-लांबीची कथा नुकतीच पुरी झाली होती. हारुका फुजिता यांनी दिग्दर्शित केलेली ही उपकथा ठरल्याप्रमाणे सप्टेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाली. एरवी स्टुडिओत वर्ष न झालेल्यांची नावं श्रेयनामावलीत येत नसत. या वेळी काम केलेल्या प्रत्येकाचं नाव घालण्यात आलं. मृत्यूनंतरही माणसाचा शब्द पोहोचतो, असं तेरा भाग सांगणाऱ्या लोकांवर ही वेळ आली, याबद्दल फार बोलू नये असं मला वाटतं. ती नावं पडद्यावरून सरकतात तेव्हा उठून जाऊ नये, एवढं मात्र सांगावंसं वाटतं.

मुख्य चित्रपट आधी आगीमुळे आणि मग कोविडच्या साथीमुळे लांबत १८ सप्टेंबर २०२० रोजी आला. त्याबद्दल माझी तक्रार आहे. गिल्बर्ट जिवंत निघतो. एका दूरच्या बेटावर, एक हात गमावून, मुलांना शिकवत राहत असतो. तो नाही हे मान्य करून व्हायोलेट जगायला शिकली, हे मालिकेनं जिवाचं रान करून कमावलेलं होतं. चित्रपट ते परत देऊन टाकतो. शिवाय ज्यानं एका मुलीला शस्त्र म्हणून रणात नेलं, त्याच्याशी तिचं नातं प्रियकर-प्रेयसीचं करावं का, हा प्रश्न अश्रूंच्या लोंढ्यात वाहून जातो. तिचं प्रेम खरं असेल. त्याचा अपराधही खरा आहे, आणि त्याला तो जाणवतो हेही चित्रपट दाखवतो. पण सुटका फार सहज होते. याच चित्रपटात युरिस नावाच्या मरणाऱ्या मुलाची उपकथा मात्र मालिकेच्या उंचीची आहे. आपल्या मागे आईवडिलांना आणि भावाला द्यायची पत्रं तो लिहून घेतो, पण मित्राचं पत्र राहून जातं. वेळ उरलेला नसतो. अखेर नव्यानंच गावात आलेला टेलिफोन जोडून दोघांचं बोलणं करून दिलं जातं. आयरिसचा त्या यंत्रावर राग असतो, कारण ते तिचं काम खाणार असतं. टपालाच्या या कथेनं आपल्या सर्वांत नाजूक क्षणी टेलिफोनला वाट दिली, हे मला फार आवडतं.

ज्यांना ही मालिका बघायची आहे त्यांनी तेरा भाग क्रमानं बघावेत. ऑपेरा गायिका इर्माची कथा सांगणारा, नंतर आलेला विशेष भाग कथेच्या ओघात चौथ्या आणि पाचव्या भागांच्या मधला आहे; तो तिथेच बघितला तर व्हायोलेट हळूहळू कशी शिकत जाते ते नीट कळतं. मग २०१९ ची उपकथा, आणि शेवटी २०२० चा चित्रपट. पहिले दोन भाग संथ वाटले तर सोडून देऊ नका. लुकुलियाचं पत्र तिसऱ्या भागात आहे. आणि दहावा भाग मुलांबरोबर बघणार असाल तर आधी एकट्यानं बघून घ्या, म्हणजे ॲनबद्दल मूल जे विचारील त्याचं उत्तर देण्याइतका आवाज तुमच्याकडे शिल्लक असेल.